मागच्या डाव्या चाकाचं माप

सकाळी सहाच्या सुमाराला सिल्वेरिया यामोका रस्त्यावर आडव्या बांधलेल्या साखळीपाशी पोहोचली, तेव्हा मातीचा पट्टा पुन्हा अर्धा बुजलेला होता.

उजवी चाकोरी काल संध्याकाळच्या शेवटच्या ट्रकने पाडली तशीच होती. कडा वाळलेल्या, तळाला टायरची नक्षी. डावी मात्र भरून टाकलेली. फळीने भरली की माती सपाट होते आणि फळीची रेघ उरते. ही तळहाताने दाबत, थोडी थोडी करून भरली होती. जिथे काम थांबलं होतं तिथे चार बोटांचे ठसे होते. गेल्या एकवीस दिवसांतली ही सहावी वेळ.

तिने इकडेतिकडे बघितलं नाही. झऱ्यावरून आणलेले पाण्याचे दोन डबे पट्ट्यावर ओतले, फळी घेतली आणि ठशांवरून ओढली.

चाक्रापाताचा रस्ता खालच्या दरीतून गावावर चढतो आणि पुढे खिंडीतून डांबरी सडकेला मिळतो. तो गावाने हाताने केला आहे आणि हातानेच टिकवला आहे. आधी दर घराने वर्षाला आठ दिवस रस्त्यावर राबायचं असा नियम होता; ज्याच्याकडे गाढवसुद्धा नाही त्यानेही आठ, ज्याच्याकडे ट्रक आहे त्यानेही आठ. मग दरीत चुन्याची खाण निघाली आणि गाडीची चाकं मोजून काम वाटायचं ठरलं. खाणीचे ड्रायव्हर साखळीच्या अलीकडे मधली चाकं वर उचलून घ्यायचे आणि पलीकडे गेल्यावर खाली सोडायचे. तेव्हा सिल्वेरियाच्या नवऱ्याने, एवारिस्तोने, सभेत उठून सांगितलं होतं की गाडी रस्त्यात किती रुतते ते बघा, बाकी काही बघू नका.

त्याने साखळीपाशी चिकणमातीचा पट्टा केला. गाडी यायची, मागची चाकं पट्ट्यावर ठेवून थांबायची, ड्रायव्हर चाकामागे दगड लावायचा. एवारिस्तो गुडघ्यावर बसून मागच्या डाव्या चाकाच्या चाकोरीत खुणा केलेली काठी घालायचा. डावीच, कारण डावीकडे दरी आहे आणि रस्ता तिकडूनच खचतो. जितकी बोटं खोल, तितकी पाठीवरची ओझी दगड. ते ओढ्यातून उचलायचे आणि वरच्या वळणावर, जिथे रस्ता दर पावसाळ्यात हातभर दरीत जातो, तिथे नेऊन रचायचे. यालाच गाव रस्त्याचा वाटा म्हणतं. मोटारसायकल बोटभरही रुतत नाही. तिने टोपीभर खडी टाकायची. सात वर्षं वळण टिकलं होतं.

जूनमध्ये एवारिस्तो त्या पट्ट्यावरच गेला. माप घेताना ट्रक मागे घरंगळला, असं गाव म्हणतं. ट्रक त्यांचा स्वतःचा होता आणि त्यांचा मुलगा रोसेंदो चालवत होता. तेव्हापासून काठी सिल्वेरियाकडे होती.

साडेसातला एल्मेरची प्रवासी गाडी आली.

"मावशी, आज रिकामाच आहे. आत बघा, आठ माणसं, तीही हडकुळी."

"मागे सिमेंट दिसतंय."

"दोनच पोती. दुकानदार तर म्हणत होता, फुंकर मारली तर उडतील."

"चाकामागे दगड लावला?"

"लावला."

"नीट लावला?"

"दोनदा विचारता तुम्ही हल्ली."

ती वाकली. आधी डावा गुडघा, मग हात टेकून उजवा. काठी घातली. "पाच."

"पाच? परवा चार होती!"

"परवा सिमेंट नव्हतं."

गाडीतून एक बाई ओरडली, "अरे, पुढे बसलेल्या त्या शिक्षिकेला उतरव. एक बोट आपोआप कमी होईल!" आत हशा झाला. शिक्षिकाही हसली आणि म्हणाली, "मी उतरते, पण मग परीक्षेचे मार्क कोण देणार?" एल्मेर पुटपुटत ओढ्याकडे गेला आणि पाठीला फडकं बांधून दगड भरू लागला.

दुपारपर्यंत खाणीचे चार ट्रक गेले. बारा, तेरा, बारा, तेरा. खाणीने दगड वाहायला दोन माणसं ठेवली होती. ती दोघं दिवसभर वळणावर ये-जा करत आणि ट्रक तिष्ठत उभे राहत. खाणीच्या इंजिनियरला, बेर्रोकालला, हेच खुपत होतं. रविवारी सभा होती आणि सभेत त्याचा प्रस्ताव होता: साखळी काढा, दांडा बसवा, प्रत्येक गाडीला पाच सोलचं तिकीट. मोटारसायकलला पाच, तीस टनांच्या ट्रकलाही पाच. वर्षातून एकदा खाण यंत्र पाठवून रस्ता सारखा करून देईल.

कासिमिरा दुपारी मक्याचे दाणे भाजून घेऊन आली. ती रोसेंदोची धर्ममाता. त्यामुळे सिल्वेरियाला ती कोमाद्रे म्हणायची आणि एवारिस्तोला कोम्पाद्रे. ती साखळीच्या खांबाला टेकून बसली.

"पाच सोल म्हणे. माझ्या गाढवाचे किती, विचारलं मी त्या इंजिनियरला."

"काय म्हणाला?"

"गाढवाला चाकं नाहीत म्हणाला. म्हटलं, तुमच्या ट्रकला लाज नाही, तरी तो चालतोच की."

सिल्वेरिया हसली नाही. कासिमिराने दाणे दुसऱ्या हातात घेतले.

"कोमाद्रे, लोक बोलतायत."

"बोलू देत."

"सकाळी हिलारियो मेंढरं घेऊन इथून गेला. त्याने बघितलं. कोणी म्हणतं, कोम्पाद्रेला अजून कामाची काळजी, मेल्यावरही पट्टा सारखा करतोय. म्हातारी माणसं तसं म्हणत नाहीत." तिने आवाज खाली आणला. "ती म्हणतात कोंदेनादो. अडकलेला. ज्याच्या अंगावर काहीतरी राहिलं, त्याला माती सोडत नाही. पण कोम्पाद्रेच्या अंगावर काय राहणार? त्याने सख्ख्या भावाचं अर्धं बोट सोडलं नव्हतं."

"हं," सिल्वेरिया म्हणाली.

"तुला भीती नाही वाटत?"

"ट्रक येतोय. ऊठ."

त्याच्या अंगावर काय राहिलं होतं ते सिल्वेरियाला माहीत होतं. जूनमधल्या त्या दुपारी चौघांनी त्याला दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. तिने सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकटीने त्याला आंघोळ घातली. छाती बसलेली होती. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. मुठी मिटलेल्या होत्या. उघडायला गेली तर उघडेनात. कोमट पाण्यात फडकं भिजवून धरलं, मग एकेक बोट सोडवलं. दोन्ही मुठींत चिकणमाती होती. पडताना हाताला लागली असती तर ती नखांत असती, तळहाताला असती. ही मूठ भरून होती, दाबलेली, बोटांच्या पेरांचा आकार घेतलेली. त्याची काठी मात्र ट्रकपासून सहा पावलांवर, रस्त्याकडेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली सापडली होती.

तो माप घेत नव्हता. तो चाकोरी बुजवत होता.

तिने ती माती चमच्याच्या दांड्याने कोरून काढली, नखं धुतली, पाणी मागच्या ओढ्यात ओतलं, आणि चार महिने कोणाला काही सांगितलं नाही. रोसेंदोलाही नाही.

शनिवारी अंधार पडायच्या आत दोघं जेवायला बसली. रोसेंदो सत्तावीस वर्षांचा होता. जूनपासून त्याने ट्रकला हात लावला नव्हता. निळा ट्रक घरामागे दगडांवर चढवून ठेवला होता आणि तो शाळेच्या भिंतीसाठी कच्च्या विटा पाडत होता. साखळीवरून तो जात नसे. शेतांमधून लांबचा फेरा घ्यायचा.

"उद्या सभेत मी सांगणार आहे," ती म्हणाली.

"काय?"

तिने सांगितलं. मुठी, माती, काठी. तो चमचा वाटीत ठेवून ऐकत राहिला. त्याच्या हातांवर विटांच्या मातीचे पांढरट पापुद्रे होते.

"पडताना धरली असेल माती."

"त्यांना आंघोळ तू घातलीस की मी?"

"कोणाला सांगायची गरज नाही, आई."

"ते येतायत."

"कुत्रं लोळत असेल पट्ट्यावर."

"कुत्र्याला चार बोटं असतात का, लांब लांब?"

तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "सांगितलंस तर काय होईल कळतंय का तुला? बेर्रोकालला आयतंच मिळेल. ज्याने माप काढलं त्यानेच माप मारलं. दांडा बसेल, तिकीट फाडतील, दोन पावसाळ्यांत वळण दरीत. बाबांनी सात वर्षं गुडघे झिजवले ते कशाला? निदान त्यांचं नाव तरी राहू दे."

"नाव राहील. ते कुठे राहतील?"

वाटीतला सुक्या बटाट्यांचा रस्सा गार झाला. तिने तो परत चुलीवर ठेवला.

सभा शाळेच्या अंगणात भरली. त्रेसष्ट घरं. बायका भिंतीच्या उन्हाला लोकर कातायच्या चात्या घेऊन बसल्या, पुरुष पायऱ्यांवर. बेर्रोकालने सगळ्यांना गोड पाणी वाटलं आणि मग बोलायला उभा राहिला. तो चांगला बोलत होता.

"मी दिवंगत एवारिस्तोंचा आदर करतो. त्यांच्यासारखा सरळ माणूस मी बघितला नाही. पण त्यांचा नियम माणसाला चाकामागे बसवतो. त्या नियमानेच त्यांचा जीव घेतला. आता त्यांच्या बायकोला तिथे बसवलंय. उद्या कोण? पाच सोल, सगळ्यांना सारखे. यापेक्षा सरळ न्याय कुठला?"

"सारखा म्हणजे सरळ का?" कासिमिराने बसल्या जागेवरून विचारलं. "माझी कोंबडी आणि तुमचा बैल, दोघांना एकच टोपलं दाणा घालता का तुम्ही?"

लोक हसले, पण सगळे नाही. ज्यांना खाणीत रोजगार होता ते जमिनीकडे बघत होते. मग एकेक जण उठून एवारिस्तोबद्दल बोलला. नियम ठेवा म्हणणारे त्याचं नाव घेत होते, बदला म्हणणारेही त्याचंच. कोणीतरी म्हणालं, वळणावर त्याच्या नावाचा क्रूस उभारू. सिल्वेरिया चाती फिरवत होती. धागा दोनदा तुटला.

मतदानाआधी सभेचा मुख्य निकानोर काठी टेकत पुढे आला. ज्या गाडीचा वाटा थकलाय तिच्या मालकाच्या हजेरीत मत होत नाही, म्हणून कोणाची बाकी आहे का ते आधी तीनदा विचारायचं, ही गावाची रीत. लोक ती अर्धवट ऐकत, पोरांना हाका मारत, टोप्या सारख्या करत.

"रस्त्याचं कोणाकडे काही राहिलंय?"

"खाणीकडे काही नाही," बेर्रोकाल म्हणाला. "वहीत बघा."

"रस्त्याचं कोणाकडे काही राहिलंय?"

एका म्हाताऱ्याने खोकून घेतलं.

"रस्त्याचं कोणाकडे काही..."

"आमच्याकडे राहिलंय," सिल्वेरिया म्हणाली.

ती उठली. चाती कमरेला खोचली. ती मोठ्याने बोलली नाही, त्यामुळे मागचे लोक पुढे सरकले. तिने मुठी कशा उघडल्या ते सांगितलं. माती किती होती ते हाताने दाखवलं. काठी कुठे होती ते सांगितलं. "माझ्या नवऱ्याने स्वतःच्या गाडीचं माप मारलं. आमचा वाटा भरलेला नाही. म्हणून ते येतायत."

कासिमिराने तोंडावर शाल घेतली.

बेर्रोकाल सावकाश म्हणाला, "मला वाईट वाटतं. पण आता तुम्हीच बघा. ज्याने नियम केला त्यालाही तो पाळवला नाही. मग कोणाला पाळवेल?"

"बोटं किती होती?" निकानोरने विचारलं. "माप नाही तर वाटा कसा भरणार?"

सिल्वेरियाला ते माहीत नव्हतं. तिने तसं सांगायला तोंड उघडलं.

"चौदा," रोसेंदो म्हणाला.

तो फाटकापाशी उभा होता. आत आला नव्हता.

"तुला कसं कळलं?" निकानोरने विचारलं.

"बाबांनी आधी माप घेतलं होतं. नीट. चौदा म्हणाले." त्याने टोपी काढली. "चुन्याची खेप होती, इंजिनियर साहेबांचीच. भाड्याची. चौदा ओझी वाहायची तर दिवस जाणार, दुसरी खेप चुकणार. मी खिडकीतून म्हटलं, परक्यांशी न्यायाने वागता, घरच्यांनाच काय ते कडक. म्हटलं, तुमचा न्याय खाऊन मी ट्रकचा हप्ता भरू का. त्यांनी काठी भिंतीला ठेवली आणि मागे गेले. आरशात मला त्यांची पाठ दिसत होती. ते काय करतायत मला कळलं. मला लाज वाटली. मी गाडी पट्ट्यावरून पुढे काढायला गेलो, म्हणजे त्यांना ते करता येऊ नये. चाकामागचा दगड मी लावलाच नव्हता. पुढे जायच्या आधी गाडी मागे आली."

सिल्वेरियाने मुलाकडे बघितलं. चार महिने एका चुलीवर शिजवलेलं दोघं खात होती.

"माल तुमचा होता तर," कासिमिरा बेर्रोकालला म्हणाली.

"वाटा गाडीचा असतो, मालाचा नाही. तुमचाच नियम."

"बरोबर आहे," सिल्वेरिया म्हणाली. "आम्हीच भरू."

थकलेला वाटा भरताना मदत घ्यायची नसते. ओढ्यापासून वळण तीनशे पावलं, सगळी चढाची. मायलेकांनी फडकी पाठीला बांधली आणि गाव दरडीवर रांगेने साक्षीला बसलं. चौथ्या ओझ्यानंतर गारा सुरू झाल्या. कोणी उठलं नाही. बायकांनी डोक्यावर घोंगड्या घेतल्या. सातव्याला सिल्वेरियाचा उजवा गुडघा वळेना. तिने दगड कमी घेतले नाहीत, पावलं लहान केली. रोसेंदो तिच्या मागे चालत होता. एकदा ती घसरली तेव्हा त्याने हात पुढे केला आणि सगळ्यांदेखत मागे घेतला. नवव्या ओझ्याला त्याच्या पाठीवरून रक्त ओघळून शर्टाला चिकटलं. साखळीपाशी खाणीचे तीन ट्रक भोंगे वाजवत थांबले होते. बेर्रोकाल गाडीची काच वर करून बसला होता.

"चौदा," निकानोरने शेवटचं ओझं पडल्यावर म्हटलं, आणि मत तिथेच, वळणावर घेतलं. ओले हात वर झाले. नियम राहावा असं म्हणणारी चौतीस घरं, तिकिटाच्या बाजूची एकोणतीस. मग दुसरं मत झालं. ते कोणी मोजलं नाही, कारण हात न वर करणारं कोणी नव्हतं: ज्या घराने माप मारलं त्या घराकडे साखळी नको, आणि पुढे कोणी स्वतःच्या घरच्या गाडीचं माप घेऊ नये. सिल्वेरियानेही हात वर केला. तिने काठी निकानोरकडे दिली, त्याने ती कासिमिराकडे दिली.

घरी जाताना रोसेंदो म्हणाला, "मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

"मीही," ती म्हणाली.

नऊ दिवसांनी रोसेंदोने ट्रक दगडांवरून खाली उतरवला. दरीतून निलगिरीचे वासे वर न्यायचे होते. सिल्वेरिया त्याच्या शेजारी बसली. दोघांपैकी कोणालाच तिने घरी थांबावं असं वाटत नव्हतं. या नऊ दिवसांत पट्ट्याचं काय झालं ते तिने कासिमिराला विचारलं नव्हतं, आणि कासिमिराने सांगितलं नव्हतं.

साखळीपाशी त्याने मागची चाकं पट्ट्यावर आणली, इंजिन बंद केलं, खाली उतरून चाकामागे दगड लावला, लाथ मारून बघितला, आणखी एक लावला. मग माप चालू असताना ड्रायव्हरने आत बसायचं नाही या नव्या नियमाप्रमाणे गाडीच्या पुढे येऊन दोन्ही हात बॉनेटवर ठेवून उभा राहिला. सिल्वेरिया काचेतून ते बघत होती.

मागे कासिमिरा गुडघ्यावर बसली. तिचं हाश्शहुश्श ऐकू आलं.

मग तिचा आवाज आला. हळू, घाबरलेला नाही. घरात कोणी वाटेत बसलेलं असलं की बोलतात तसा.

"जरा सरा, कोम्पाद्रे. मला दिसत नाही."

रोसेंदोने मान खाली घातली. सिल्वेरियाने दाराच्या मुठीवर हात ठेवला, पण दार उघडलं नाही. साखळी वाऱ्याने हलली आणि थांबली.

"हं," कासिमिरा म्हणाली. "आता दिसतंय. दहा."

रोसेंदोने बॉनेटवरचे हात काढले, पाठीला फडकं बांधलं आणि मागे न बघता ओढ्याकडे निघाला.